कॉलेज फुटबॉलमध्ये असिस्टंट कोच व्हायचंय? आधी कार्डं काढायला शिका

अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल (पायाने खेळायचा नव्हे; हेल्मेट-पॅड घालून, बॉल हातात घेऊन धावायचा) म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत, हे घरच्यांना समजावताना मी मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमचा एकच आकडा सांगतो: १,०७,६०१ आसनं. वानखेडे तीनदा रिकामं करून सगळी माणसं इथे आणून बसवली, तरी जागा उरेल. आणि मैदानावरची पोरं विद्यार्थी असतात, सोमवारी त्यांना वर्गात बसायचं असतं.

त्या पोरांना शिकवणाऱ्या माणसांबद्दल हा लेख आहे. हेड कोच टीव्हीवर दिसतो. त्याच्या मागे हेडसेट लावून, हातात लॅमिनेट केलेला कागद धरून उभे असतात ते असिस्टंट कोच. मी पुण्याहून स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला मिडवेस्टात आलो आणि एका छोट्या कॉलेजच्या टीमबरोबर तीन सीझन काढले. पहिल्यात व्हिडिओ शूट केला, दुसऱ्यात जीए म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट झालो, तिसऱ्यात टाइट एंड्सचा, म्हणजे समोरच्याला अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्या खेळाडूंचा, कोच. पुढे व्हिसाची मुदत संपत आली आणि पोटापाण्याला दुसरं काम धरलं. म्हणजे मी या धंद्यात फार वर चढलेला माणूस नाही. पण खालच्या पायऱ्या कशा असतात ते मला पक्कं माहीत आहे, आणि नवख्याला गरज त्याचीच असते.

आधी नोकऱ्या कुठे आहेत ते बघा

कॉलेज खेळांचा बहुतेक कारभार एनसीएए ही संस्था बघते. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागाचे फुटबॉलपुरते आणखी दोन तुकडे पडतात: वरचा एफबीएस, खालचा एफसीएस. अलाबामा, ओहायो स्टेट, जॉर्जिया ही टीव्हीवरची नावं एफबीएसमधली. तिथे १३० च्या वर टीम्स आहेत. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, तरीही दोनशेहून जास्त कॉलेजं तिथे फुटबॉल खेळतात. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेतच. नवखे सगळे अलाबामाला अर्ज करतात. तुमची पहिली नोकरी मात्र बहुधा अशा गावात असेल, जिथे एक वॉलमार्ट, दोन पिझ्झाची दुकानं आणि एक स्टेडियम एवढंच आहे.

कोचिंग स्टाफची उतरंड अशी. वर हेड कोच. त्याच्या हाताखाली तीन कोऑर्डिनेटर: ऑफेन्सचा म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या बाजूचा, डिफेन्सचा म्हणजे तिला अडवणाऱ्या बाजूचा, आणि स्पेशल टीम्सचा, म्हणजे किक-पंट वगैरेंचा. त्यांच्या खाली पोझिशन कोच. क्वार्टरबॅक (पास फेकणारा), रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा), रिसीव्हर (पास झेलणारा), टाइट एंड, ऑफेन्सिव्ह लाइन, डिफेन्सिव्ह लाइन, लाइनबॅकर, सेकंडरी अशा एकेका तुकडीला एकेक माणूस. क्रिकेटमध्ये बोलिंग कोच आणि फिल्डिंग कोच असतात, तसंच, फक्त वाटणी फारच बारीक. एफबीएसमध्ये २०१८ पासून हेड कोचखेरीज दहा असिस्टंटना मैदानावर शिकवायची मुभा होती. मोठ्या विद्यापीठांनी मग ‘अ‍ॅनालिस्ट’ आणि ‘क्वालिटी कंट्रोल’ अशा नावांखाली आणखी माणसं भरली. त्यांना खेळाडूंना शिकवायला मात्र बंदी होती. जून २०२४ मध्ये ती बंदी उठली, आता स्टाफमधला कुणीही शिकवू शकतो. कॅम्पसबाहेर जाऊन खेळाडू हेरण्याचा अधिकार तेवढा पूर्वीसारखाच हेड कोच आणि दहा असिस्टंटपुरता राहिला. नवख्यांच्या दृष्टीने गेल्या कित्येक वर्षांतला हा सगळ्यात मोठा बदल म्हणायला हवा: अ‍ॅनालिस्टच्या टेबलावरून मैदानात उतरायला आता पदाची वाट बघावी लागत नाही.

खेळला नसाल तर

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. बहुतेक कोच कॉलेजात खेळलेले असतात, यात शंका नाही. पण पुढे नामांकित कोच झालेला माइक लीच कॉलेज फुटबॉल खेळला नव्हता. पेपरडाइन विद्यापीठातून वकिलीची पदवी घेतली, आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीमध्ये बारकी नोकरी धरून कोचिंगमध्ये शिरला. मधे फिनलंडमध्येही कोचिंग करून आला. मग आयोवा वेस्लियन नावाच्या छोट्या कॉलेजात हॅल मम्मी या हेड कोचच्या हाताखाली लागला. पुढे मम्मी जिथे गेला तिथे लीच गेला: व्हॅलडोस्टा स्टेट, मग केंटकी. दोघांनी मिळून घडवलेली ‘एअर रेड’ ही पासिंगची पद्धत आज अमेरिकाभर खेळली जाते. २००० मध्ये लीच टेक्सस टेकचा हेड कोच झाला, म्हणजे सुरुवातीपासून तेरा वर्षांनी.

न खेळलेल्या माणसाने खेळ शिकायचा तो पेन-कागद घेऊन. एका मॅचचं रेकॉर्डिंग घ्या, एकच टीम निवडा, तिचे साधारण सत्तर प्ले (एकेक चाल म्हणजे एक प्ले) असतील. प्रत्येक प्लेची एक ओळ. रकाने असे: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी), किती यार्ड हवेत, बॉल कुठल्या यार्डावर, डाव्या हॅशवर (मैदानावरच्या आखीव खुणांवर) की उजव्या, मैदानात रनिंग बॅक आणि टाइट एंड किती, फॉर्मेशन कोणतं, स्नॅपआधी (बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याआधी) कोण हललं, प्ले काय, मिळालं काय. इथले लोक ‘इलेव्हन पर्सनेल’ म्हणतात त्याचा अर्थ अकरा माणसं असा नाही. एक रनिंग बॅक, एक टाइट एंड, असे दोन आकडे ते आहेत. ‘ट्वेल्व्ह’ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड. मला हे कळायला लाज वाटावी इतका वेळ लागला होता.

पहिली मॅच भरायला सहा तास लागतील. दहावीला दोन. तोवर तुमचं लक्ष बॉलवरून हटून आपोआप लाइनवर जाईल, आणि लाइनमधल्या गार्डने पाय मागे घेतला की पास, पुढे टाकला की रन, हे दिसायला लागेल. हे दिसायला लागल्यावरच कुणाला ईमेल करा.

आत शिरायचं कुठून

तुम्ही अमेरिकेत शिकत असाल आणि तुमच्या विद्यापीठाची टीम असेल तर निम्मं काम झालं. व्हिडिओ आणि इक्विपमेंट या दोन विभागांत विद्यार्थी कायम लागतात. प्रॅक्टिसच्या वेळी शिडीसारख्या टॉवरवर उभं राहून कॅमेरा चालवायचा, किंवा पहाटे हेल्मेटं मोजायची. ही हमाली आहे आणि ती करणारा माणूस रोज दोन-दोन तास मीटिंग रूमच्या दाराशी असतो. हायस्कूल हा दुसरा रस्ता. टेक्सस, न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांतल्या पोरांना तो सोपा: आपल्याच जुन्या शाळेत जाऊन नवव्या इयत्तेच्या टीमला फुकट शिकवायचं. पार्श्वभूमीची तपासणी होते, बाकी दार उघडंच असतं.

ईमेल हेड कोचला करू नका, तो वाचत नाही. स्टाफच्या यादीत ‘डायरेक्टर ऑफ फुटबॉल ऑपरेशन्स’ असं पद शोधा. प्रवासाच्या बसपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं बघणारा हा माणूस कायम हातांच्या शोधात असतो. पत्र पाच ओळींचं. ‘मला या खेळाचं वेड आहे’ हे वाक्य कटाक्षाने गाळा; त्याऐवजी त्यांच्याच टीमच्या मागच्या तीन मॅचचा तुम्ही भरलेला तक्ता जोडा. मी चौदा ठिकाणी लिहिलं, दोन उत्तरं आली, दोन्ही तक्त्यामुळे. आणि वेळ साधा. जानेवारी-फेब्रुवारीत नवे हेड कोच आपली माणसं जमवत असतात, तेव्हा खालच्या जागा भरल्या जातात. सप्टेंबरात लिहिलंत तर कुणाला डोकं वर काढायला फुरसत नसते.

दर जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. १९२२ ची संस्था आहे. दिवसभर व्याख्यानं असतात, पण खरी वर्दळ हॉटेलच्या लॉबीत. टीमच्या लोगोचे पुलओव्हर घातलेले शेकडो लोक उभे राहून एकमेकांच्या खांद्यावरून ‘आपल्यापेक्षा मोठा कोण आला’ हे बघत असतात. थोडं लग्नाच्या मांडवासारखं. तिथे रेझ्युमे वाटत फिरण्यापेक्षा एखाद्या छोट्या व्याख्यानानंतर वक्त्याला एक नेमका प्रश्न विचारा. मोठ्या हॉलमधल्या नामांकित कोचभोवती कोंडाळं असतं. छोट्या खोलीतला लाइन कोच तुमच्यासाठी नॅपकिनवर चित्र काढून दाखवेल.

जीए, म्हणजे उमेदवारी

ग्रॅज्युएट असिस्टंट हा विद्यापीठात मास्टर्स शिकत असतो. फी माफ होते, वर तुटपुंजा भत्ता मिळतो, आणि त्या बदल्यात पडेल ते काम करायचं. अलाबामाचा गाजलेला माजी हेड कोच निक सेबननेही सुरुवात १९७३ मध्ये केंट स्टेटला जीए म्हणूनच केली होती.

या कामाचा गाभा म्हणजे स्काउट कार्ड. येत्या शनिवारी ज्या टीमशी गाठ आहे तिचे प्ले आपल्या डिफेन्सला आठवडाभर दाखवायचे असतात. ते प्ले आपल्याच राखीव पोरांकडून करून घेतात. त्यांना स्काउट टीम म्हणतात. त्या पोरांना समोरच्या टीमचं प्लेबुक ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक प्लेचं एक मोठं कार्ड काढायचं: अकरा गोल, ब्लॉकच्या (समोरच्याला अडवण्याच्या) रेघा, धावायच्या वाटा. प्रॅक्टिसमध्ये जीए ते कार्ड डोक्यावर धरतो, पोरं बघतात, आणि पंचवीस सेकंदांत प्ले व्हायला हवा.

माझ्या पहिल्या मंगळवारी मी अठ्ठेचाळीस कार्डं काढली. रात्री दोनला झोपलो. स्वच्छ अक्षर, रंगीत मार्कर, स्वतःवर खूश. पहिलं कार्ड वर धरलं आणि उजवीकडे जायला हवा तो प्ले डावीकडे गेला. दुसराही. फिल्म मी डिफेन्सच्या नजरेने बघितली होती आणि कार्डंही त्याच बाजूने काढली होती. धरायची मात्र होती ऑफेन्सच्या पोरांसमोर. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस आरशातली! डिफेन्स कोऑर्डिनेटर ओरडला नाही. त्याने माझ्या हातातून गठ्ठा घेतला, सगळी कार्डं उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर उरलेली प्रॅक्टिस होईस्तोवर स्वतः उभ्या-उभ्या आठवणीने प्ले काढले. नंतर एवढंच म्हणाला की कार्डाच्या खालच्या कडेला बाण काढत जा, वाचणारा कुठे उभा आहे त्याचा.

ही चूक तुम्ही करू नका. हल्ली कार्डं कॉम्प्युटरवर, बहुतेक ठिकाणी व्हिसिओ किंवा पॉवरपॉइंटमध्ये काढतात. एक क्लिक करून उलटवताही येतात. बाण तरीही काढा.

दुसरं काम फिल्म कापायचं. हडल किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्लेला वर सांगितलेले रकाने भरायचे, म्हणजे कोऑर्डिनेटरने ‘थर्ड डाउन, सातपेक्षा जास्त यार्ड, उजवी हॅश’ म्हटलं की तेवढेच प्ले सलग समोर यायला हवेत. इथे एक रकाना चुकला तर शनिवारी कुणीतरी भलत्याच ठिकाणी उभा राहतो. कुणाचं नाव पेपरात येईल? त्या पोराचं.

आठवडा कसा जातो

शनिवारी मॅच. रविवारी सकाळी फिल्म लावून प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक प्लेला अधिक किंवा उणे द्यायचं. रविवारी दुपारपासून पुढचा प्रतिस्पर्धी. मंगळवारी साधारणपणे पहिल्या-दुसऱ्या डाउनची तयारी, बुधवारी थर्ड डाउन, गुरुवारी रेड झोन म्हणजे शेवटचे वीस यार्ड, शुक्रवारी नुसतं चालत-चालत उजळणी. खेळाडूंकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावीच लागते, असा एनसीएएचा नियम आहे. कोचसाठी असा कुठलाही नियम नाही.

मॅचच्या दिवशी निम्मे असिस्टंट वर काचेच्या बूथमध्ये, निम्मे खाली साइडलाइनवर. २०२४ पासून एफबीएसमध्ये एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये थेट बोलता येतं, पण प्ले क्लॉकचे (प्ले सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळाचे) पंधरा सेकंद उरले की आवाज बंद होतो. म्हणून थोडक्यात बोलायची सवय लावून घ्या. आम्हा मराठी माणसांना हे जड जातं.

शिकवण्याइतकंच महत्त्वाचं: पोरं आणणं

पूर्णवेळ असिस्टंट झालात की एक पोझिशन मिळते आणि एक भूभागही मिळतो. ‘शिकागोचा दक्षिण भाग तुझा’ असं सांगितलं जातं. मग तिथल्या हायस्कुलांचे कोच, काउन्सेलर आणि पोरांच्या आया-मावश्या तुमच्या ओळखीच्या हव्यात. कधी प्रत्यक्ष भेटता येतं, कधी नुसतं बघता येतं आणि कधी कसलाही प्रत्यक्ष संपर्क चालत नाही याचं वेळापत्रक एनसीएए ठरवते. ते पाठ करा. पोराची फिल्म बघण्याआधी त्याची गुणपत्रिका मागा. पहिल्या विभागात खेळायला हायस्कूलचे सोळा ठरावीक कोर्स पूर्ण लागतात, आणि मार्चमध्ये त्यातला एक कमी निघाला तर वर्षभराची मेहनत वाया.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट वाटा देऊ लागली. आता आणलेलं पोरगं टिकवणं हेही कामच झालं. जुने कोच याबद्दल चहाच्या टपरीवर बसल्यासारखे कुरकुरतात. मला त्या कुरकुरीत फारसं तथ्य दिसत नाही. कोच दर दोन वर्षांनी टीम बदलतात, मग पोरांनी का बदलू नये?

पैसे

मोठ्या विद्यापीठातले नामांकित कोऑर्डिनेटर वर्षाला वीस लाख डॉलरच्या वर घेतात. ते आकडे विसरा. छोट्या कॉलेजात पोझिशन कोचला शाळामास्तराइतका पगार मिळतो, अनेक ठिकाणी जोडीला जिमचा वर्ग घ्यावा लागतो किंवा हॉस्टेलची जबाबदारी. तिसऱ्या विभागात ‘इंटर्न’ म्हणजे राहायला खोली आणि मेसमध्ये जेवण, एवढंच पुष्कळदा.

कोचना कमी पैशांत राबवायचा मोह संस्थांनाही झालेला आहे. १९९० च्या दशकात एनसीएएने असिस्टंट कोचच्या एका वर्गाची वर्षाची कमाई १६,००० डॉलरवर बांधून टाकली होती. कोच कोर्टात गेले, जिंकले, आणि १९९९ मध्ये ५.४५ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

व्हिसावर असाल तर हे दोनदा वाचा

एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं. जीएचं काम वीस तासांत मावत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी लिहून देत नाही. पहिल्याच दिवशी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन, काय कामात मोजलं जातं हे लेखी घ्या. कोच तुमचा चांगला माणूस असेल, पण व्हिसा त्याचा जाणार नाही, तुमचा जाईल. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे, बारा महिने मिळतात, आणि काम पदवीच्या विषयाशी जोडलेलं असावं लागतं. माझं निभावलं ते स्पोर्ट्स मॅनेजमेंटमुळे. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी विद्यापीठांना लॉटरीत उतरावं लागत नाही हे खरं, पण छोट्या कॉलेजला टाइट एंड कोचसाठी वकील लावायची हौस नसते. माझी गाडी तिथेच थांबली.

ज्यांना भारतातच राहून या खेळात काही करायचंय त्यांनी फ्लॅग फुटबॉलकडे बघावं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे. हेल्मेट-पॅडवाली लीगही भारतात होऊन गेली, पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स अशा नावांच्या टीम्ससकट. नाव वाचून माझ्या बाबांना वाटलं होतं, मी ढोल-ताशा पथकाबद्दल बोलतोय.

डिसेंबर

नोव्हेंबरच्या अखेरीस हेड कोचच्या हकालपट्ट्या सुरू होतात. हेड कोच गेला की त्याचा स्टाफ जवळजवळ सगळाच जातो, तुमच्या टाइट एंड्सनी किती का छान ब्लॉक केले असेनात. म्हणून करार वाचताना पगाराआधी दोन गोष्टी बघा: मुदतीआधी काढलं तर किती महिन्यांचे पैसे, आणि मधे दुसरी नोकरी लागली तर त्यातून किती वजा होणार. छोट्या कॉलेजात बहुतेकदा दोन्हींचं उत्तर शून्य असतं. ते सही करण्याआधी माहीत असलेलं बरं.

पुढची नोकरी ओळखीतून येते आणि ती कधीकधी खालची असते. ती घ्यायची की नाही? ओरेगन विद्यापीठाचा हेड कोच डॅन लॅनिंग मिसुरीतल्या हायस्कूलमध्ये असिस्टंट होता. २०११ मध्ये रातोरात गाडी चालवत पिट्सबर्गला जाऊन त्याने जीएची जागा मिळवली. नंतर सॅम ह्यूस्टन स्टेटमध्ये पूर्णवेळ कोच झाला, आणि २०१५ मध्ये ती नोकरी सोडून पुन्हा जीए झाला, अलाबामात. जॉर्जियाचा हेड कोच कर्बी स्मार्टनेही तेच केलं होतं: व्हॅलडोस्टा स्टेटमध्ये डिफेन्स कोऑर्डिनेटर, तिथून उठून फ्लोरिडा स्टेटमध्ये तिथला हेड कोच बॉबी बाउडेनच्या हाताखाली जीए. पद खालचं, पण माणूस बरोबर निवडला. माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच असतो, कुणाच्या हाताखाली उभं राहायचं. तो माणूस वर जाईल तेव्हा कुणाला फोन करेल? ज्याची कार्डं कधी उलटी आली नाहीत त्याला. माझ्या कोऑर्डिनेटरला नवी नोकरी लागली तेव्हा त्याने मला फोन केला होता, उलट्या अठ्ठेचाळीस कार्डांनंतरही. व्हिसा नसल्यामुळे मला जाता आलं नाही.

मुलाखतीला बोलावलं तर हातात मार्कर देतात आणि सांगतात, इनसाइड झोन (मधून धावायचा एक नेहमीचा प्ले) शिकव. समोर बसलेल्यांना तो तुमच्यापेक्षा चांगला येतो. ते बघत असतात की अठरा वर्षांच्या पोराला तुम्ही पहिलं पाऊल कुठे टाकायला सांगता. तेवढंच आधी सांगा, बाकी फळा नंतर भरा.

आणि राहायला घर घेताना बारा महिन्यांच्या कराराऐवजी महिन्या-महिन्याचं भाडं चालतंय का ते विचारा. पलंग विकत घेऊ नका, गादी पुरते. खोकी फेकू नका.